रिकाम्या खुर्चीला पडलेला शब्द

ब्रुसेल्समधल्या त्या प्रयोगशाळेत हिल्ड दुपारी नेहमीसारखी भिंगं पुसायला गेली. दोन बोलकी यंत्रं समोरासमोर उभी होती, प्रत्येकावर एक कॅमेरा. एकाने खोलीतल्या वस्तूला मनाने नाव द्यायचं, दुसऱ्याने ती वस्तू हुडकायची. दोघांचं जुळलं तरच शब्द टिकायचा, नाहीतर गळून जायचा. भाषा त्यांना कुणी शिकवली नव्हती.

साडेचारलाच बाहेर अंधारलं. तापलेल्या वायरींचा वास खोलीत साचला होता.

"वाबेकू," डावं यंत्र म्हणालं.

उजवं सावकाश वळून खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर थांबलं. खुर्चीला 'तिमो' हा शब्द कधीच पडला होता. हा निराळा होता, आणि दीड महिन्यात एकदाही चुकला नव्हता. दीड महिन्यापूर्वीच तिचा सहकारी योस्त त्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता.

प्राध्यापक डेलव्हो आत आले. "पुसलास का तो शब्द? उद्या पाहुणे येतायत."

"दोघांना काहीतरी दिसतंय, म्हणून टिकलाय तो."

"भिंगावर डाग असेल."

"आत्ताच पुसली. दोन्ही."

"तू आणि तुझं फडकं!" ते हसले.

हिल्डचे कान तापले. योस्तला अंगात ताप असताना यांनीच बोलावून घेतलं होतं. चौकशीत मात्र लिहून दिलं, न विचारता आला. त्याच्या बायकोला अजून लोकांकडून तेच ऐकावं लागत होतं.

"योस्तला तुम्हीच बोलावलं होतं, एवढं लिहून द्या. मग पुसते."

"मेलेल्याला काय फरक पडतो?"

"विचारा की त्यालाच..."

डेलव्हो तरातरा गेले आणि खुर्चीत बसले. "बघ. आहे कुणी?"

"वाबेकू." दोन्ही कॅमेरे जरा वर उचलले गेले. डेलव्होंच्या डोक्यामागे, उभ्या माणसाचा चेहरा असेल तितक्या उंचीवर थांबले.

डेलव्हो उठले. कोट न घालता, हातात धरूनच बाहेर पडले. कॅमेरे त्यांच्या पाठीमागून दारापर्यंत वळत गेले. हिल्डला हाक मारता आली असती. तिने मारली नाही.

जिन्यावर डेलव्होंची पावलं वाजली, मध्येच थांबली. खालचं दार वाजलंच नाही.

बऱ्याच वेळाने कॅमेरे परत फिरले. "वाबेकू," खुर्चीकडे बघून डावं म्हणालं. मग ते किंचित सरकलं, खुर्चीशेजारच्या मोकळ्या जागेकडे.

"सोनिगा."

हा शब्द आजवर कधीच निघाला नव्हता. उजव्याने तो पहिल्याच खेपेला ओळखला.