कॉम्प्रेशन बंद असताना

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय.

तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की कनेक्शन तुटायचं.

रविवारची संध्याकाळ. ऑफिसात मी एकटा.

साहेबांना जाणून घ्यायचं होतं, डायल-अपच्या दोन सॉफ्टवेअरपैकी वेगवान कुठलं. मी ऑफिसातून घरच्या कॉम्प्युटरला फोन लावून एकच मोठी फाईल पाठवत होतो. आधी कॉम्प्रेशन चालू ठेवून, म्हणजे माहिती दाबून लहान करून. मग बंद ठेवून.

अशा चाचण्या मी पूर्वीही करायचो. तेव्हा बायको घरी असायची. दाबलेली फाईल झटपट जायची. कॉम्प्रेशन बंद केलं की फार वेळ लागायचा, आणि धीर धरणं तिला बापजन्मात जमलं नाही. ती रिसीव्हर उचलायची, कनेक्शन तुटायचं, मग माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा.

"अहो, संपलं का तुमचं दळण?"

ती जाऊन दोन महिने झाले होते. घराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात.

कॉम्प्रेशन चालू. दोन्ही सॉफ्टवेअर सुरळीत.

कॉम्प्रेशन बंद...

निम्म्यावर कनेक्शन तुटलं.

सॉफ्टवेअर बदललं. पुन्हा निम्म्यावरच...

लाइन खराब असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

पलीकडे फक्त आमच्या घरच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक... ते अडखळत चालतं, लगेच ओळखू येतं.

अंगावर सर्रकन काटा आला. तरी सवयीने तोंडातून गेलं, "झालंच. निघतो."

पलीकडे रिसीव्हर हळूच ठेवला गेला.

घरी पोचलो. कुलूप जसंच्या तसं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त बरं वाटलं. कुणीतरी माझी वाट बघत होतं.

साहेबांना मी निकाल दिलाच नाही. रोज संध्याकाळी कॉम्प्रेशन बंद करून तीच फाईल पाठवत राहिलो. रोज कनेक्शन तुटायचं. रोज फोन यायचा.

शेवटी साहेब वैतागले. "अहो, दोन सॉफ्टवेअर तपासताय की दोनशे? परवा निकाल हवा."

त्या संध्याकाळी फोनवर मी तिला म्हणालो, "उद्या शेवटची चाचणी गं. तेवढी पूर्ण होऊ दे."

दुसऱ्या दिवशी फाईल लावली. निम्मी गेली... पाऊण गेली...

पूर्ण पोचली.

मी फोनजवळ बसून राहिलो. तो वाजला नाही. नंतर कितीदा कॉम्प्रेशन बंद करून पाहिलं, एकदाही कनेक्शन तुटलं नाही.

उभ्या संसारात तिने पहिल्यांदाच माझं ऐकलं होतं.

त्या दिवशी मला त्या रिकाम्या घराचं कुलूप काढायची भीती वाटली. अजूनही वाटते.