चित्र्याचं मुसकं

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण पारनेरकडच्या त्या वस्तीवर भरदुपारी आजही कुणी कुत्रं बांधत नाही.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. चैत्रातली अमावस्या. सूर्य डोक्यावर.

दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या. सूर्यभान शेजारच्या मळ्यात विहीर खोल करायला जायचा. सुरुंगाचा बार उडाला की घरातली भांडी थरथरायची...

आणि चित्र्या रडायचा.

बार उडायची दुपारची वेळ जवळ आली की या कुत्र्याचं सुरू व्हायचं. शेपूट पायात. झोप नसताना जांभया. उगाच ओठ चाटणं.

सूर्यभानला ते बरोबर कळायचं. बायकोला म्हणायचा, "भ्यालंय ते, रंगू. वरडू नगंस. गाडीखाली सावलीत घे, वलं पोतं टाक, छातीवर हात ठिव. गप हुतंय."

पण रंगुबाईच्या मनात शेजारच्या भागूबाईचं बोलणं रुतून बसलेलं.

"दारात कुत्रं रडतंय अन् तुझा दादला सुरुंगापाशी! यम दिसतोय गं त्येला. त्वांड बांध त्याचं."

नवऱ्यावाचून रंगुबाईला दुसरं होतं कोण?

त्या दुपारी चित्र्यानं मान वर करून सूर लावला, अन् रंगुबाई उठली. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला घालायचं मुसकं खुंटीला होतं. तिनं ते चित्र्याच्या तोंडावर दोरीनं करकचून आवळलं. अन् त्याला उन्हात बैलगाडीच्या चाकाला बांधलं.

"आता रड, मेल्या!"

कुत्रं उन्हात तोंड उघडून धापा टाकूनच जगतं. हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

बार उडाला. भांडी थरथरली. बाहेर मात्र...

सगळं गप्प.

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

सूर्यभान धडधाकट परत आला. पायाला दगडाच्या कपचीनं जरा चिरलं होतं, तेवढंच. चित्र्या चाकापाशी ताठ पडलेला.

त्यानं मुसकं सोडलं. कुत्र्याबरोबर ते बांधावर पुरलं. तिला एवढंच म्हणाला, "हात तरी ठिवायचास, रंगू."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तिची नजर खुंटीकडे गेली...

मुसकं खुंटीवर होतं.

ओलं. लाळ ठिबकत होती.

मागं सूर्यभाननं जांभई दिली. मग आणखी एक. मग तो ओठ चाटू लागला.

"अवं, काय हुतंय?"

त्याला सांगायचं होतं. पण तोंडच उघडेना. दात गच्च बसले होते. डोळे तिच्याकडे लावून तो नुसता थरथरत होता.

तिनं ओलं पोतं टाकलं. छातीवर हात ठेवला.

तो गप्प झाला. कायमचा.

डॉक्टर धनुर्वात म्हणाले. जखमेतून झाला म्हणे. असेलही. पण प्रेताच्या गालांवर दोरीचे वळ कसले, ते त्यांनी सांगितलं नाही.

रंगुबाई पुढं रोज दुपारी त्या गाडीखाली बसायची. पुढ्यात ओलं पोतं, त्यावर हात. "गप, गप हुतंय," असं पुटपुटत.

ज्यांनी तिला पाहिलं, ते तिकडं परत फिरकले नाहीत. तिच्या हाताखाली पोतं वर-खाली व्हायचं...

आणि त्याखाली जे होतं, ते कुत्र्याएवढं नव्हतं.