तळघरातला ठोंब्या

तळघरातला कॉक बंद करायचा, एवढंच काम राहिलं होतं.

आईला जाऊन महिना झाला होता. घर विकलं होतं, सामान हललं होतं, आणि पाण्याचा कॉक बंद केल्याशिवाय किल्ल्या हातात घेणार नाही असं दलालाने बजावलं होतं. आईचं शिलाई मशीन तेवढं ताईने स्वतः उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. आधी त्यातला दोरा काढला, मग वर चादर टाकली. भावाला हात लावू दिला नाही.

"तू पाडशील," म्हणाली.

तिला मराठी येत होतं, कारण देश सोडला तेव्हा ती मोठी होती. तो तिला नव्या देशातल्या, तिथल्या भाषेत उत्तरं द्यायचा. दोघांचं असंच चालायचं.

हे घर त्यांना स्वस्तात मिळालं होतं, कारण त्यात भूत होतं. आधीच्या मालकाने लपवलंही नव्हतं. तळघरातल्या पाइपवर टकटक करतं, बाकी काही त्रास नाही, म्हणाला. बाबा बस चालवायचे, त्यामुळे कशालाच घाबरायचे नाहीत. "इथलं भूत आहे ते," ते म्हणाले. "त्याला आपलं आडनावसुद्धा उच्चारता येणार नाही. झपाटणार काय डोंबल!"

आई तळघरातच बसायची. दुकानातून कपड्यांचे गठ्ठे यायचे. पँट आखूड कर, चेन बदल, बाही सोड. दिवसभर बोलायला कोणी नाही. बाबा बसवर, पोरं शाळेत. मग ती भुताशी मराठीत बोलायची. घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे बाबा गेले, पोरं आपापल्या घरी गेली, तरी वरून ऐकलं की खाली आईच्या गप्पा चालूच.

मुलाशी मात्र ती मराठीत बोलायची नाही. त्याला कारणही तोच. दहा वर्षांचा असताना तो एकदा शाळेतून आला आणि दप्तर टाकून म्हणाला, आजपासून मला मराठी ऐकू येत नाही. आणि खरंच, आईने "ठोंब्या, जेवायला ये" म्हटलं की हा ढिम्म. ताट गार होऊन जायचं. तिने अडखळत तिथल्या भाषेत म्हटलं की लगेच हजर. आईने काही दिवस तग धरला, मग नाद सोडला. 'ठोंब्या'ही गेलं. तिथल्या भाषेत ठोंब्याला शब्दच नव्हता.

नंतर त्याला ऐकू यायला लागलं. पण आईने नियम मोडला नाही. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तो तिच्या तोंडाशी कान लावून बसला होता. एकदा ठोंब्या म्हणेल, बास. ती तिथल्या भाषेत, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तशी म्हणाली, "आपण आलात, छान वाटलं."

"जा पटकन," ताईने दारातून हाक दिली. "आणि त्याला सांग, आम्ही निघालो म्हणून."

"कोणाला?"

"तुझ्या तळघरातल्या भावाला."

"ताई, प्लीज."

"अरे, आईला सोबत त्यानेच केली. तू रविवारी यायचास आणि फोनवर बोलत बसायचास."

तो खाली गेला.

दुपारच होती, पण तळघराला दुपार माहीत नव्हती. बल्बही ताईने काढून नेला होता. वस्तू वाया घालवायची नाही, हा आईचाच गुण. मोबाईलच्या उजेडात भिंती रिकाम्या दिसल्या. वास मात्र कुठे गेला नव्हता. मशीनच्या तेलाचा, आणि ओल्या कापडावर फिरलेल्या इस्त्रीचा.

टक... टक... पाइपवर.

त्याने कॉकवर हात ठेवला. बर्फासारखा गार. तेवढ्यात मागे अंधारात शिलाई मशीनची घरघर सुरू झाली.

मशीन गाडीत होतं. त्याने स्वतः बघितलं होतं.

"दोरा ओव रे," आईचा आवाज. "मला कुठे दिसतंय आता..."

"ओवला, आई."

आणि दोघं हसली. कामात मुरलेली माणसं हसतात तशी, उगाचच.

"आई," तो म्हणाला. मराठीत. तोंडात शब्द गंजलेला होता. मशीन थांबलं नाही. "आई, मी... मी आलोय."

घरघर तशीच चालू. त्याचा आवाज कोणाच्या कानावरच पडला नव्हता जणू. हे बहिरेपण त्याच्या ओळखीचं होतं. त्यानेच तर शोधून काढलं होतं.

शेवटी तो तेच तिथल्या भाषेत म्हणाला.

मशीन थांबलं.

"कोणीतरी आलंय वाटतं," आई म्हणाली. "ठोंब्या, बघ रे कोण आहे."

अनवाणी पावलं फरशीवरून जवळ आली. त्याच्या पुढ्यात थांबली. मोबाईलच्या उजेडात नुसती फरशी दिसत होती.

"आई, एक माणूस आहे..." आवाज लहान मुलाचा, जरा शेंबडा. बाबांनी पहिल्या वर्षी टेप केलेल्या कॅसेटमध्ये हाच आवाज होता. त्याचा स्वतःचा. "ओळखीचा नाही."

"मी... मी ठोंब्या," तो तिथल्याच भाषेत म्हणाला.

ते पोर खुदकन हसलं. "आई, हे काका म्हणतात, मी ठोंब्या!"

"असं हसू नये कोणाला," आई म्हणाली. मग तिने घसा खाकरला आणि तिथल्या भाषेत, एकेक शब्द जपून ठेवत, त्याला म्हणाली, "आपण आलात, छान वाटलं."

मशीन पुन्हा सुरू झालं.

कॉक तसाच राहिला. तो वर कसा आला, त्याला सांगता येणार नाही.

"केलास बंद?" ताईने विचारलं.

"हो."

"आणि सांगितलंस त्याला?"

त्याने गाडीचं दार उघडलं. ताईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढचा टोमणा गिळला. गाडीत बसताना तिने मशीन नीट आहे ना बघायला मागे वळून चादर उचलली, आणि तशीच धरून राहिली.

"मी दोरा काढला होता ना रे?"

सुईत दोरा ओवलेला होता. त्याने हात लांब करून टोकाला बोट लावलं. कोणीतरी ते नुकतंच तोंडात धरून ओलं केलं होतं.