सत्कारमूर्ती शाल आणायला गेलेत

"उठा आधी! ही सत्कारमूर्तींची खुर्ची आहे!"

झेंडूच्या माळा लावलेल्या त्या खुर्चीत एक अनोळखी तरुण खुशाल बसला होता. माझ्या आवाजानं तो दचकला... पण उठला नाही.

"उठता येत नाही हो. त्यांनीच बसवलंय. म्हणले, मी येईपर्यंत खुर्ची धरून ठेवा सर."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"सत्कारमूर्तींनी. शाल आणायला गेलेत."

मी कपाळावर हात मारला. सत्कारमूर्ती म्हणजे माझे अण्णा. येरमाळ्याच्या सेवा क्लबचे सव्वीस वर्षांपासूनचे सभासद. डोळ्यांचं शिबिर असो नाहीतर रक्तदान, पाहुण्यांची शाल, नारळ, हार आणायचं काम अण्णांचंच. त्यामुळे आज त्यांचाच सत्कार, तर शाल आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! एक दिवस तरी माझ्या बापानं निवांत बसून मान घ्यावा, एवढ्यासाठी मी पुण्याहून रजा टाकून आले होते.

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"मी नवीन सभासद. अनिरुद्ध. ईट गावच्या शाळेवर मास्तर आहे." मग जरा थांबून, "तुम्ही नेहमीच एवढ्या चिडता, का आज माझं नशीब...?"

"गाडी काढा!"

मोटरसायकलवर मी मागची दांडी घट्ट धरून बसले. आरशात त्याचे डोळे दोनदा माझ्यावर आले. तिसऱ्यांदा मीच म्हणाले, "रस्त्याकडं बघा."

"बघतोय की... मधून मधून."

दुकानात अण्णांनी सगळ्यात वरची मातकट शाल उचलली होती.

"अण्णा! लोकांना तासभर निवडता आणि स्वतःला ही?"

"मला कशाला लई भारी, शिवांजली? पेटीतच पडायची."

मी ढिगातल्या जांभळ्या काठाच्या शालीकडं हात नेला. त्याच वेळी अनिरुद्धनंही. बोटं लागली... दोघांनीही शाल सोडली नाही. दुकानदारानं ती तशीच अण्णांच्या खांद्यावर लावून बघितली.

सभागृहात अध्यक्षांचं भाषण संपता संपेना. तेवढ्यात अण्णा माईक नीट करायला एकदा उठले, पंखा लावायला एकदा उठले. मी खालून डोळे वटारत होते. शेवटी फोटोवाला म्हणाला, "चला, शाल घाला." आणि अण्णा सवयीनं उठले, शालीचं तबक उचललं आणि कडेला जाऊन उभे राहिले! क्लबच्या प्रत्येक फोटोत ते तिथंच असतात. कडेला, हातात तबक, अर्धे कापलेले.

आता हसावं, चिडावं का रडावं, मला कळेना.

अनिरुद्ध दोन ढांगांत तिथं पोचला. "अण्णा, हे माझ्याकडं द्या. तुमची जागा मधे आहे."

रिकाम्या हातांचं काय करायचं ते अण्णांना सुचेना. मग त्यांनी ते जोडले. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं, आणि मी मात्र तबक धरून कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाकडं बघत होते. तो मला आवडला. आवडला म्हणजे आवडलाच!

कार्यक्रम संपल्यावर तो पायरीवर येऊन उभा राहिला.

"तबक आता माझ्या गळ्यात पडलं. पुढची सव्वीस वर्षं."

"धरा की. शोभतं तुम्हाला."

"पण मग माझ्या सत्काराच्या दिवशी शाल कोण आणणार?"

"मी आणीन," मी बोलून गेले... आणि जीभ चावली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. "खरंच? म्हणजे... तुम्ही असाल?"

"तुम्हाला सगळं फोडून सांगावं लागतं का हो? अण्णांना विचारा ना!"

तेवढ्यात आतून खुर्च्यांचा खडखडाट आला. नवी शाल कमरेला गुंडाळून अण्णा खुर्च्या एकावर एक रचत होते.

"अण्णा!"

आम्ही दोघं एकदमच ओरडलो. अण्णा वळले. एकदा माझ्याकडं, एकदा अनिरुद्धकडं बघत राहिले. मग हातातली खुर्ची खाली ठेवली, शाल सोडून नीट खांद्यावर घेतली आणि कुणी न सांगता बसले.

"बसलो बघा," ते म्हणाले. "आता बोला सर, काय म्हणताय?"