भरीव भिंत

टाइल्स लावण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून किती दिवस वाट बघायची? वीस वर्षांत माझ्या हातची एक टाइल सुटलेली नाही. खोटं वाटत असेल तर कुठल्याही भिंतीवर वाजवून बघा.

काम मी बाबांकडून शिकले. बाबा तोंडाने फारसं बोलायचे नाहीत. तपासायला आले की हातोडीच्या दांड्याने प्रत्येक टाइलवर दोनदा वाजवायचे, टक टक, आणि पुढे सरकायचे. कुठे मागे पोकळी लागली की तिसरा ठोका पडायचा. तिसरा ठोका म्हणजे काढ. त्यावर वाद नाही. पुढे दगडाची धूळ छातीत बसून त्यांना जिनासुद्धा चढवेना, तरी माझं काम बघायला खोकत खोकत यायचे. माझी एकही अख्खी भिंत त्यांनी पास केली नाही, आणि तसेच गेले. अकरा वर्षं झाली. ते शल्य मला अजून आहे.

गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेच्या बाथरूमचं काम आलं. घर तिसऱ्या मजल्यावर, बाथरूम एवढंसं, खिडकी नाही.

"फोडाफोड नको गं," बाई म्हणाल्या. "जुन्यांवरच नवीन बसव. या तुझ्या वडिलांनीच लावल्यात. चाळीस वर्षांत एक हलली नाही."

मी वाजवून पाहिल्या. एकूण एक भरीव. अभिमानाने ऊर भरून आला, आणि खरं सांगायचं तर जराशी जिरलीही. या भिंतीवर आपलं काम चढवायचं म्हणजे चेष्टा नव्हती.

जुन्या टाइलवर नवी बसवायची तर आधी जुनीची चकाकी घासून काढावी लागते, नाहीतर चिकटवायचा मसाला धरत नाही. सकाळभर मी ग्राइंडर फिरवला. धुरळा एवढा की डोक्यावरचा दिवा दिसेना. तोंडाला फडकं बांधलं नाही. बाबा बांधत नसत, मग मी कशाला? दुपारी भिंत धुऊन पुसली आणि खालची पहिली ओळ घेतली.

पहिली टाइल दाबून बसवली, हात काढला. टक टक.

पाइप वाजला असेल म्हणून दुसरी बसवली. पुन्हा टक टक. नुकत्याच बसवलेल्या टाइलच्या मागून, बरोबर मधोमध. ती बाहेरची भिंत होती. पलीकडे उघडी हवा आणि तीन मजले खाली रस्ता.

पण पळून जावंसं वाटलं नाही. पुढची टाइल मी जास्तच जपून बसवली आणि कान देऊन उभी राहिले. टक टक. अशा तीन ओळी झाल्या. ओल्या सिमेंटच्या वासात मधूनच बाबांच्या कपड्यांचा, घामाचा वास यायला लागला होता.

चौथ्या ओळीत टक टक झालं... आणि टक.

"बाबा... भरीव आहे ही," मी कुजबुजले.

पण तिसऱ्या ठोक्यावर वाद नाही. शेवटी थापी घालून टाइल उचकटली. मागच्या एका कोपऱ्यात मसाला लागलाच नव्हता. अंगठ्याएवढी जागा कोरडी होती. लाजेने माझे कान तापले. नीट मसाला भरून पुन्हा बसवली, तेव्हा कुठे दोन ठोके पडले.

बाहेरून बाईंनी दारावर थाप मारली. "आत आणखी कोण आहे गं?"

"कोणी नाही, बाई."

"मग एवढं... खोकतंय कोण?"

"मीच," मी म्हणाले. मी खोकले नव्हते.

त्यानंतर सहा ओळी झाल्या आणि तिसरा ठोका एकदाही पडला नाही. शेवटची टाइल कोपऱ्यातली, कापून बसवायची होती. बसवली. श्वास रोखून उभी राहिले. टक... टक. मी मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. पुढे काही नाही. अख्खी भिंत पास! बाबांच्या भिंतीवर माझी भिंत, आणि बाबांनी ती पास केली होती. भिंतीकडे पाठ करून मी ढसाढसा रडले. एवढं धन्य मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, लाकडी दांड्याचं टोक लागलं. टक टक. मला वाटलं, शाबासकी. आयुष्यात पहिल्यांदा.

मग त्याच जागी तिसरा ठोका पडला.

मागे वळून पाहिलं. भिंत तेवढी होती, सरळ, चकचकीत, माझ्या हातची. आजही तशीच आहे. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून दाखवतात.

आता मी फडकं बांधल्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नाही. डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी छातीचा फोटो काढला, दिव्यासमोर धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "अगदी स्वच्छ आहे, उगाच घाबरता." डॉक्टर हुशार आहेत, मोठं नाव आहे त्यांचं. पण बाबांचा अंदाज कधी चुकला नव्हता.