वर्षालीचे उसने डोळे

अमरावतीच्या स्टँडवर वलगावची वर्षाली अकोल्याच्या एसटीत चढली, तेव्हा ती इतकी तापलेली होती की मूर्तिजापूर येईपर्यंत तिच्या पिशवीतल्या संत्र्यांचा मुरंबा झाला. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा. त्यानं तिकीटसुद्धा लांबूनच दिलं.

रागाचं कारणही तसंच होतं. थोरल्या बहिणीचं, संध्याचं, लग्न झालं. त्रिशरण-पंचशील झालं, हार पडले आणि सगळं गणगोत फोटोसाठी स्टेजवर चढलं. फोटोवाला अकोल्याचा प्रीतम. त्यानं कॅमेरा स्टँडवर लावला आणि रिमोट घेऊन स्वतः बाजूला उभा राहिला, म्हाताऱ्यांना हसवायला. वर्षालीला म्हणाला, जरा हनुवटी खाली घ्या. ती म्हणाली, "हनुवटी मायी हाय. कुठं ठेवाची ते मी पाहीन."

तिथंच पहिली ठिणगी पडली म्हणायची.

काल त्यानं तो फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. सगळे समोर बघताहेत, एकट्या वर्षालीचे डोळे बाजूला… आणि बघणं तरी कसं, जणू तिकडं कुणी गरम पुरणपोळी घेऊन उभं आहे. वलगावच्या सुंदराबाई आत्यानं लगेच बोलून पाठवलं, "सारे कॅमेऱ्याकडे पाहून राह्यले, हे पोरगी कोनाकडे पाहून राह्यली?" झालं. मोर्शीपासून वरूडपर्यंतचे नातेवाईक हसले. आणि हाच फोटो मोठा करून बैठकीत लागणार होता, जन्मभर.

ती अकोल्यात पोचली तेव्हा प्रीतम दुकानात कॉम्प्युटरपुढं बसून कुणाच्या तरी मामाच्या टकलावरची चमक पुसत होता.

"हे डोये माये नाहीत," वर्षालीनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"तुमचेच हायेत. त्या फोटोत तुमचे मिटले होते. दुसऱ्या फोटोतले काढून बसवले."

"मंग समोर पाहणारे काहून नाही बसवले?"

"भेटले असते तं बसवले असते."

सगळे दाखवा, म्हणाली. त्यानं दाखवले. एकात कुणाचा फेटा सरकलेला, दुसऱ्यात कुणाचं लेकरू रडतंय… आणि वर्षाली? समोर पाहिलं तिथं तिनं नेमकी पापणी मिटली होती. डोळे उघडे होते तिथं ते रिमोटवाल्याकडे. पुढच्यातही. त्याच्या पुढच्यातही.

"तुमी बोलत होते ना," ती म्हणाली, "बोलनाऱ्याकडे मानूस पाहतेच."

"बोलत तं साऱ्याईशी होतो," प्रीतम हळूच म्हणाला. "पाह्यलं तुमीच."

आता दुसरी कुणी असती तर पदराआड गेली असती. ही वलगावची. हिनं त्याच्या हातातला माउस ओढला आणि फोटो मोठा केला. संध्याचा चेहरा ताकात पडल्यासारखा पांढुरका. नवरदेवाच्या मिशीचा नुसता धूर. आणि कडेला वर्षाली… पापणीचा केस न् केस लख्ख, हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा.

"नवरी कोन हाय?"

"संध्याताई."

"अन् फोकस कोनावर हाय?"

प्रीतमचे कान असे लाल झाले की बाहेरची वाहनं सिग्नल समजून थांबली.

"चुकून…"

"साऱ्याच फोटोत?"

त्यानं माउस परत ओढून फोटो लहान केला. मग पुटपुटला, "नवरीले साफ करता करता बोटं झिजले माये."

वर्षालीला हसू आलं होतं, पण रागावून आलेल्या माणसानं हसायचं कसं? तिनं हुकूम सोडला. अल्बम छपाईला जाणार नाही. येत्या रविवारी वलगावला यायचं. ती सगळ्यांना पुन्हा नटवून उभं करेल. फोकस नवरीवर.

"अन् तुमी?" त्यानं विचारलं. "कॅमेऱ्याकडे पाहसान?"

ती दारापर्यंत गेली. मागं वळली नाही.

"तुमी कॅमेऱ्याच्या मागं उभे राहा…" ती म्हणाली, "म्हंजे पाहीन."

आईनं बळेच दिलेली संत्र्यांची, म्हणजे आता मुरंब्याची, पिशवी टेबलावरच राहिली. विसरली म्हणे. मी काही म्हणत नाही.

रविवारी काढलेला तो दुसरा फोटो आज वलगावच्या बैठकीत आहे. नवरी लख्ख, वर्षाली सरळ समोर. कॅमेऱ्याकडे न बघणारं एकच माणूस त्यात आहे, सुंदराबाई आत्या. ती डोळे बारीक करून वर्षालीकडे बघतेय. प्रीतमला ते डोळे बदलता आले असते, पण आता तो पडला त्या घरचा जावई. आत्याच्या डोळ्यांना हात लावायची हिंमत कुठून आणणार?