मूठभर जुनं खमीर

शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी, उन्हं कलायला लागली तशी इनास पाववाला बगलेत चिनी मातीची बरणी मारून मांडवीच्या किनाऱ्याकडे निघाला. काम साधंच होतं. बरणीतलं जुनं खमीर समुद्रात टाकायचं, बरणी वाळूने खसखसून घासायची आणि घरी यायचं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या आसपासची. रत्नागिरीत तेव्हा पावाला फारसा मान नव्हता. पाव तोंडात गेला की बाटलो, असं मानणारीच घरं जास्त. पण मिंगेलमेस्तची भट्टी उघडली की तो भाजका वास साऱ्या आळीभर फिरायचा, आणि पुढल्या दारी नाक मुरडणारी मंडळी मागल्या दारी दोन पाव उपरण्यात दडवून न्यायची. मेस्त हसायचा. म्हणायचा, नाकाक जात नसता.

मेस्त, म्हणजे इनासचा उस्ताद, गोव्याकडचा. इनास वेंगुर्ल्याहून त्याच्या हाताखाली शिकायला आला आणि त्याच्याच घरचा होऊन राहिला. रोजच्या कणकेतला एक गोळा मागे ठेवायचा, त्याला धाकू भंडाऱ्याने माडावरून उतरवलेली ताजी माडी पाजायची आणि त्यावर दुसऱ्या दिवशीचं पीठ फुगवायचं, ही मेस्तची रीत. तो गोळा म्हणजे खमीर. वर्षभर ते एकातून एक चालायचं. मात्र ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सगळं समुद्रात जायचं आणि शनिवारी नव्या माडीवर नवं खमीर धरायचं. यात कधी खंड पडला नाही.

यंदा मेस्त ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतच गेला. जाण्याआधी त्याने इनासचा हात धरला होता. मेस्तच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती, तरुणपणीच तुटलेली. उरलेल्या बोटांची पकड मात्र शेवटपर्यंत घट्ट होती.

"इनास... गुरुवारी सगळा टाक. चिमूटभर पण ठेवू नको. मी एकदा ठेवलंलंय... माझी बायल गेली ती त्याच वर्सा."

मरणाऱ्या माणसाचं बोलणं. इनासने मान हलवली आणि डोळे पुसले.

आता किनाऱ्यावर उभं राहिल्यावर मात्र त्याचा हात थबकला. त्याच्या स्वतःच्या हाताचा पाव कधीच मेस्तसारखा फुगला नव्हता. शिवाय म्हाताऱ्याने हाताने मळलेलं असं जगात हे एवढंच उरलेलं. ते खाऱ्या पाण्यात टाकायचं? कुणी त्याच्या कानात काही सांगितलं नाही. त्याचं तोच, अगदी मायेने, म्हणाला की मूठभर ठेवलं तर काय बिघडतंय? त्याने मूठभर गोळा ओल्या फडक्यात बांधून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि बाकीचं लाटेत सोडलं. घरी येताना खिशातला गोळा मांडीला ऊबदार लागत होता. अंगाची ऊब असेल, दुसरं काय.

त्या मूठभर खमिरावर ईस्टरचा पाव असा फुगला की धाकूसुद्धा माडीचं मडकं खाली ठेवून बघत राहिला. "मेस्त गेला असां कोन म्हनंल? त्याचाच हात हाय ह्यो," तो म्हणाला. इनासची छाती फुगली.

घरात आनंदाला आणखी एक कारण होतं. त्याची बायको रुजाय सहा महिन्यांची गरोदर होती. आधीची दोन पोरं जन्मताच गेलेली. हे तिसरं जगावं म्हणून इनासने चर्चमधल्या माउलीपुढे किती मेणबत्त्या लावल्या, त्याला गणती नाही. रुजायचे डोहाळेही ऐकण्यासारखे. बायकांना कैरी लागते, चिंच लागते. हिला लागायचं बरणीतलं आंबूस कच्चं पीठ. एकदा इनासने तिला बरणीत बोट घालून चाटताना पकडलं, तर ती लाजून हसली. "आंबट खावचा वाटता रे..." इनासही हसला. पाववाल्याच्या पोराला दुसरं काय आवडणार, म्हणाला आणि विसरून गेला.

मग आवाज सुरू झाला.

वैशाखातली दुपार. पहाटेचा पाव विकून झालेला, गाव जेवून लवंडलेलं, माडाची झावळीसुद्धा हलत नाही. इनास ओटीवर पडला होता. मागच्या पडवीत काथवट होती, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. तिथून आवाज आला. धप्... धप्. मग जरासा थांबा. पुन्हा धप्... धप्. आणि एक खाकरणं.

दोन थापा, मध्ये थांबा आणि खाकरणं. इतकी वर्षं इनास मेस्तच्या याच आवाजाने जागा होत आला होता.

तो उठून गेला. पडवीत कुणी नव्हतं. काथवटीवर ओलं फडकं तसंच झाकलेलं. त्याने ते उचललं. सकाळी गुळगुळीत करून ठेवलेल्या गोळ्यावर मुठीचे ठसे उमटले होते. प्रत्येक ठशात तीन बोटांची पेरं. चौथ्याची जागा सपाट.

"रुजाय... तू आयलंलंस हंय?"

"नाय रे. मी निजलंलंय."

त्या दिवसापासून इनासला स्वस्थता म्हणून राहिली नाही. बसला की उठावंसं वाटे, उठला की पडवीकडे पाय वळत, तिथे गेला की पळून यावंसं वाटे. आधी त्याने मनाला समजावलं की मेस्तच तो, मायेचा माणूस, आपल्याला मदतच करतोय. पण मायेच्या माणसाची अशी भीती का वाटावी? माडी घालणं बंद केलं, बरणीतून कितीही काढलं, तरी संध्याकाळी ती काठोकाठ भरलेली असे. झाकणावर दगड ठेवला तर सकाळी दगड जमिनीवर.

रविवारी चर्चमध्ये मिस्साला पाद्रीबाबांनी सैतानाची रूपं सांगितली. कधी तो साप होऊन येतो, कधी गरजणारा सिंह, कधी मेंढराचं कातडं पांघरलेला लांडगा, कधी घरफोड्या चोर. इनास ऐकत होता आणि यातलं आपल्या घरी काही नाही, असं स्वतःला बजावत होता. शेवटी पाद्रीबाब थोडे थांबले.

"आणि प्रभूने खमिरापासूनही सावध राहायला सांगितलंय. साप दिसतो, सिंह ऐकू येतो. खमीर पिठात शिरलं, की त्यातलं पीठ कुठलं आणि खमीर कुठलं, हे मळणाऱ्यालाही वेगळं काढता येत नाही."

इनास प्रार्थना संपायच्या आत उठला. घरी येऊन त्याने बरणी उचलली, काथवटीतला सगळा गोळा पोत्यात भरला, फडकीसुद्धा घेतली. रुजाय दारात आडवी आली. तिचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता.

"सगळा नको टाकू... थोडा ऱ्हवांदे. माझ्यासाठी."

"पोर हवा मा तुका? मग सर बाजूक!"

तो तिच्यावर ओरडला, लग्नानंतर पहिल्यांदाच. भर उन्हात मांडवीला जाऊन त्याने पोतं पाण्यात सोडलं आणि बरणी काळ्या खडकावर आपटली. तिच्या ठिकऱ्या झाल्या. काथवट घरी आणून भट्टीत घातली. ती जळताना आंबूस धूर आला, आणि मग लाकडाचा साधा धूर. इनास तिथेच जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. मेस्तची माफी मागितली, देवाची मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कान देऊन ओटीवर पडला. पडवी मुकी होती. कावळा ओरडला, आंब्याच्या बागेत कुणीतरी आंबे उतरवताना हाक मारली, बस्स. किती दिवसांनी त्याचं अंग सैल पडलं. शेजारी रुजाय कुशीवर निजली होती. तिने अर्धवट झोपेत त्याचा हात ओढून पोटावर ठेवला.

"बघ... आज कसा हलता ता. कान लाव."

जिवंत आहे पोर! इनासला भरून आलं. तो सरकला आणि त्याने तिच्या पोटाला कान लावला. आधी तिचा श्वास ऐकू आला. मग दूर कुठेतरी पाणी हलल्यासारखं काही.

मग धप्... धप्.

थांबा.

धप्... धप्.

"गप कित्या झालस?" रुजायने विचारलं. तिच्या तोंडाला माडीचा वास होता. घरात चार दिवस माडी आली नव्हती.

इनासने डोकं उचललं, पण हात त्याला उचलता येईना. हाताखाली पोटाची कातडी आतून ताणली गेली आणि त्याच्या तळव्याला एका ओळीत तीन उंचवटे टेकले, घट्ट मिटलेल्या मुठीचे. चौथ्याच्या जागी काहीच नव्हतं.